फुलाजी तिचा कोण?

त्या उसाच्या बेटावर सें पिएर गावाहून आत वळलं, की उसाच्या दोन भिंतींमधून जाणारा रस्ता जिथे दमून थांबतो, तिथे थोड्याशा मराठी घरांची एक वस्ती होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली त्या वस्तीत एकच टीव्ही होता, आणि तो कुसुमावतीच्या घरी होता. टीव्हीसमोर चटया, चटयांच्या पुढे एक वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी चंद्रमोहन. खुर्ची कुसुमावतीची, टीव्ही कुसुमावतीचा, वीज कुसुमावतीच्या मीटरची. पण गुरुवारी त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं असतं, तर वस्तीत दंगल झाली असती.

कारण गुरुवारी फुलाजी लागायचा.

फुलाजीचं खरं नाव कमिसेर फुल्जांस. हा फ्रान्सचा पोलीस, पण पोलिसासारखं त्याच्यात काही म्हणून नव्हतं. पिस्तूल नाही, गणवेश नाही, पायात घरातल्या सपाता. राहायचा नदीतल्या एका मोडक्या बोटीवर. कोटाच्या खिशात चपटी बाटली, दर थोड्या वेळाने तिच्यातून एक घोट. आणि गुन्हेगार पकडायची त्याची रीत अशी, की संशयिताच्या घरी जायचं, त्याच्या स्वयंपाकघरातली झाकणं उघडून बघायची, मग त्याच्याच आरामखुर्चीत झोपी जायचं. समोर पोलीस घोरतोय म्हटल्यावर संशयिताला चैन पडत नसे. तो आधी येरझाऱ्या घाली, मग घाम पुशी, आणि शेवटी फुलाजीला हलवून उठवून म्हणे, की होय, खून मीच केला.

हे सगळं फ्रेंचमधून. आता क्रेओल, म्हणजे बेटावरची फ्रेंचमधून निघालेली बोली, वस्तीत सगळ्यांनाच येत होती, पण टीव्हीवरची फ्रेंच म्हणजे क्रेओलची पॅरिसला दिलेली बहीण. चेहरा ओळखीचा वाटतो, हाक मारावी म्हणेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते. म्हणून चंद्रमोहन. तो तरुणपणी एका साखर इस्टेटीच्या मॅनेजरच्या बायकोची मोटार हाकायचा, आणि त्या बाई मोटारीत फक्त फ्रेंच बोलायच्या. तेव्हा चंद्रमोहनला फ्रेंच येतं, ही गोष्ट वस्तीने कधीच मान्य करून टाकली होती.

बाई मोटारीत काय बोलायच्या, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या बोलायच्या ते असं: हळू. डावीकडे. थांब. कुठे मेला होतास. चंद्रमोहनचं फ्रेंच तेवढंच होतं. फुलाजी मोटारीत बसला, तरच त्याला एखादं वाक्य कळायचं, आणि फुलाजीकडे मोटार नव्हती.

पण पहिल्याच गुरुवारी, टीव्हीवर एक बाई आणि एक पुरुष बोलताना दिसले तेव्हा सत्यवतीआजीने मागून विचारलं, "चंदू, हा तिचा कोण रे?" आणि चंद्रमोहनच्या तोंडून निघून गेलं, "दीर."

झालं. त्या एका दिराने त्याचं नशीब काढलं.

सत्यवतीआजी वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचा नियम एकच: आधी नातं सांगा, मग गोष्ट. कोण कुणाचा कोण हे कळल्याशिवाय तिला खुनातही रस वाटत नसे. "बे, मेला तर मेला," ती क्रेओल हेल काढून म्हणायची, "पण सुतक कुणाला?" बाकीच्या बायकांचंही तेच. तेव्हा चंद्रमोहन पडद्यावर माणूस आला रे आला, की त्याला कुठल्यातरी घरात नेऊन बसवायचा. ब्रेडवाला हा खुनी बाईचा मावसभाऊ. न्यायाधीश हा वकिलाचा साडू. पडद्यावर कुणी कुणाचा मुका घेतला, की ते लहानपणी ताटातूट झालेले बहीणभाऊ. त्या मालिकेत बहीणभावांच्या इतक्या भेटी व्हायच्या, की बायका पदराने डोळे पुसत घरी जायच्या. कधी आधीच्या आठवड्यात मारून टाकलेला माणूस पुढच्या गुरुवारी सिगारेट ओढत उभा दिसला, तर तो जुळा. फ्रान्समध्ये जुळी फार होतात, असा वस्तीचा पक्का समज झाला होता, आणि तो तिथल्या पाण्याचा गुण आहे असं कुसुमावतीचं मत होतं.

फुलाजीचीही त्याने व्यवस्था लावली. बाटलीत अयापानाच्या पाल्याचा काढा, कारण पोट नाजूक. बोटीवर राहतो, कारण आईने घर धाकट्याला दिलं. आणि बूट घालत नाही, कारण बहिणीचं लग्न जमेपर्यंत बूट घालणार नाही असा नवस बोललाय. त्या बहिणीच्या लग्नाची काळजी वस्तीला इतकी लागली होती, की एकदा वस्तीच्या मराठी मंडळाच्या सभेतही तो विषय निघाला.

याच मंडळात आधी चंद्रमोहनला काय मान होता? गणपतीत झाकरीचं पथक नाचायला लागलं, की चपला सांभाळायला त्याला दाराशी बसवायचे. आता त्याच माणसाला लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "चंदूभाऊ, पोराला कुठल्या कोलेजात घालू?" त्या वेताच्या खुर्चीत बसलं की तो उंच व्हायचा. ती खुर्ची गेली, तर पुन्हा चपला. एवढा साधा हिशोब होता.

त्याची बायको चंपा हे सगळं जाणून होती. गुरुवारी घरी परतताना ती एवढंच म्हणायची, "आज वकिलाची आत्या दोनदा मेली हो."

आणि मग कुसुमावतीच्या यशपालचं लग्न ठरलं. कुसुमावती ही चंद्रमोहनची चुलत बहीण, म्हणजे तो नवऱ्या मुलाचा मामा. लग्नात तो मिरवत होता. पंगतीत पुरी मोडता मोडता त्याने शेजारच्याला सहज विचारलं, "नवरीमुलगी करते काय?"

"रीता ना? शिकवते. रोझ हिलच्या कोलेजात."

"छान. काय शिकवते?"

"फ्रेंच."

पुरी चंद्रमोहनच्या घशात तिरकी बसली. दोन जणांनी पाठीवर थापट्या मारल्या, तिसऱ्याने पाणी दिलं, आणि पाणी पिता पिता त्याला वेताची खुर्ची आपल्याकडे पाठ करून चालत जाताना दिसली.

गुरुवारपर्यंत त्याने शक्य ते सगळं केलं. वादळ यावं म्हणून आभाळाकडे पाहिलं, पण जुलै महिना, म्हणजे बेटावरचा हिवाळा, आभाळ कसं धुतलेल्या थाळीसारखं. मग तो कुसुमावतीकडे गेला.

"कुसुम, एक सांगायचं राहिलं. नव्या सुनेने पहिलं वर्षभर टीव्ही बघायचा नसतो."

"का रे दादा?"

"रीत आहे. जुनी. कोकणातली."

कुसुमावती विचारात पडली. पण सत्यवतीआजी ओसरीवर मिरच्या निवडत बसली होती. तिची आजी कोकणातून जहाजाने आलेली, तेव्हा कोकणच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. ती मिरचीचं देठ मोडून म्हणाली, "कोकणात टीवी कधी होता रे?"

चंद्रमोहन घरी परत आला.

गुरुवारी चटया भरल्या. पितळेच्या परातीत गातो पिमां आले, मिरचीचे ते छोटे वडे, तव्यावरून उतरलेल्या पावात दाबून खायचे. रीता डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांना चहा देत होती. चंद्रमोहनला कप देताना ती वाकून म्हणाली, "मामा, तुम्ही फार छान सांगता म्हणे." त्याने कप घेऊन खुर्चीखाली ठेवून दिला.

फुलाजी सुरू झाला. एक पूल, पुलावर धुकं, धुक्यात एक बाई, आणि फुलाजी सपाता फरफटत तिच्याकडे चाललेला.

"हा तिच्याकडे आता कशाला?" आजी म्हणाली. "हा तिचा कोण?"

"ती," चंद्रमोहन म्हणाला, "त्याच्या थोरल्या वहिनीची बहीण. तो विचारतोय, की माझ्या बहिणीला स्थळ बघितलंस का."

मागून एक आवाज आला. कुणी उचकी गिळावी तसा. चंद्रमोहनने वळून पाहिलं नाही. पडद्यावर फुलाजीने बाटली काढली, बाई काहीतरी बोलली.

"ती म्हणते, काढा थंड झाला असेल, गरम करून देते."

पुन्हा तो आवाज. आता आजीनेच वळून पाहिलं. रीताने अर्धा पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"काय गो सुनबाई, रडतेस की काय?"

"हसते ती," कुणीतरी म्हणालं.

"हसतेस? बे, तुलाबी येते ना फ्रेंच? मग तू सांग."

"हो, सांग गं," कुसुमावती फुलून म्हणाली. सुनेचं शिक्षण वस्तीला दाखवायची संधी ती कशी सोडेल? "मास्तरीण आहे माझी सून. दादा, तिला थोडं सांगू दे."

रीताने चंद्रमोहनकडे पाहिलं. चंद्रमोहनने गातो पिमांकडे पाहिलं. सासूचा हुकूम, नवी सून. काय करणार बिचारी? तिने खरं ते सांगितलं.

"तो म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम नाही, पण आज मी तुझ्याकडेच राहतो."

एका बाईचा पाव हातातच राहिला.

"हा तिचा कोण?" आजीने अगदी हळू विचारलं.

"कुणी नाही, आजी. मित्र."

"कुणी नाही म्हणजे?"

"म्हणजे... ओळख आहे."

"ओळखीवर राहतो?"

रीता लाल झाली. "आजी, मी नाही, तो म्हणतोय."

"आणि काढा?"

"काढा नाही. व्हिस्की आहे."

"आयो!" तीन बायका एकदम ओरडल्या.

"बहिणीच्या लग्नाचं काय?" कुसुमावतीने घाईघाईने विचारलं. निदान तिथे तरी सून सावरेल, असं तिला वाटत होतं.

"त्याला बहीण नाहीये, आई."

"गेली?" आजीने छातीवर हात ठेवला. "कधी? गेल्या गुरुवारी तर बरी होती."

"नव्हतीच. कधीच नव्हती."

इथे वस्तीचा निकाल झाला. इतके महिने जिच्यासाठी जीव टांगणीला लागला ती बहीणच नाही? माणसं एकमेकांची कुणीच नाहीत? घरदार, दीर, साडू, जुळी, सगळं हवेत? असा देश कुठे असतो का? आजीने मान हलवली आणि यशपालकडे वळली. तो भिंतीला टेकून उभा होता, तो भिंतीत शिरायचा प्रयत्न करू लागला.

"यशपाल, लग्नाआधी हिची सेर्तिफिका बघितलीस का रे?"

"बघितली, आजी."

"वाचायला कुणाला दिलेली? चंदूला दाखवायची होतीस."

"अगं, फ्रेंच काय सोपं आहे?" दुसरी म्हणाली. "शिकवत असेल आपली लहान पोरांना. कावळा, चिमणी."

 कुसुमावतीने आपला हात सुनेच्या गुडघ्यावरून उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. रीता उठली, रिकामे कप गोळा केले आणि आत गेली.

म्हणजे चंद्रमोहन जिंकला होता. खुर्ची त्याच्या बुडाखाली होती, आणि पूर्वीपेक्षा घट्ट. सगळ्या नजरा त्याच्याकडे लागल्या होत्या: सांगा, चंदूभाऊ, खरं काय ते सांगा. त्याने एक गातो पिमां तोंडात टाकला. चटईवरून चंपा त्याच्याकडे बघत होती. चंपा काही बोलत नसली, की चंद्रमोहनला फार ऐकू यायचं.

"पाणी पिऊन येतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात रीता कप विसळत होती. एकच कप, पुन्हा पुन्हा.

"पोरी," तो म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे. मला फ्रेंच येत नाही."

"मला कळलं, मामा. पुलावरच कळलं." तिने नाक ओढलं. मग तिला राहवेना. "पण मामा, बोटीचं काय सांगितलंत तुम्ही?"

"आईने घर धाकट्याला दिलं."

"आणि तो मेलेला माणूस? सिगारेट ओढत परत आला तो?"

"जुळा."

रीताने ओला हात तोंडावर दाबला. यावेळी तिच्या डोळ्यांतून आलेलं पाणी वेगळ्या कारणाचं होतं.

"हसू नको. आजीला घरदार असलेला माणूस बोटीवर का राहतो ते कळेना. मी काय करू?" चंद्रमोहनने खांदे ताठ केले. "थांब. मी त्यांना सांगून टाकतो. माझी खुर्ची गेली तर गेली. चपला सांभाळीन."

"चपला?"

"असू दे. तुला नाही कळायचं."

तो बाहेर आला, टीव्हीच्या पुढे उभा राहिला, आणि घसा साफ करून म्हणाला, "ऐका. मला फ्रेंच येत नाही. मला हळू, डावीकडे, थांब आणि कुठे मेला होतास, एवढंच येतं. फुलाजीचं सगळं मी मनाने रचलं. ही पोर सांगते तेच खरं."

मागे फुलाजी बोलतच होता. मग सत्यवतीआजीने पदर डोळ्यांना लावला.

"बघा गो," ती भरल्या गळ्याने म्हणाली, "याला म्हणतात खानदान. भाचेसुनेची अब्रू राखायला माणूस स्वतःला अडाणी म्हणवून घेतो."

"आजी, खरंच येत नाही!"

"असू दे, बाबा. आम्ही समजलो."

"चंपा, तू सांग यांना!"

"नाही येत हो त्याला," चंपा म्हणाली. "काहीसुद्धा येत नाही."

"नवराबायको दोघं सारखी," आजीने हात जोडले. "सोन्यासारखी माणसं."

कुसुमावतीने येऊन दादाच्या पायाला हात लावला. चंद्रमोहनने आयुष्यात पहिल्यांदा वस्तीसमोर खरं बोलून पाहिलं होतं, आणि त्यात त्याचं नाव आणखी मोठं झालं होतं. आतून कप आपटल्याचा आवाज आला. त्या घरात रीता आता फक्त अडाणी नव्हती. जिच्यासाठी थोरांना खोटं बोलावं लागतं, अशी अडाणी झाली होती.

पुढच्या गुरुवारी चंद्रमोहन गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून आला. घशाकडे बोट दाखवलं आणि हातवारे केले: आवाज गेला. मग रीताकडे बोट दाखवलं आणि स्वतः मागे जाऊन चटईवर चंपाशेजारी बसला. खुर्ची रिकामी राहिली. नवी सून मोठ्यांपुढे खुर्चीवर कशी बसणार? ती खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर बसली.

"देवा," कुणीतरी पुटपुटलं, "आज कळायचं नाही काही."

कुसुमावती पडद्याकडे बघतच नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. मफलरच्या आत चंद्रमोहनला घाम फुटला होता. पोरगी आज पुन्हा खरं बोलली, तर हे घर तिला जन्मभर टोमणे मारत राहील. स्वयंपाकघरात तिला शिकवायला हवं होतं. निदान एक आत्या, एखादा साडू तरी द्यायला हवा होता.

फुलाजी आला. तोच पूल, तेच धुकं, तीच बाई. बाई खूप वेळ बोलली.

आजीने पाय पसरले, सुस्कारा टाकला आणि कसलीच आशा न ठेवता विचारलं, "हा तिचा कोण?"

रीताने पदर नीट केला. तिने वर्गासमोर उभं राहायचं तसं मान वर केली.

"आजी, ही त्याच्या सावत्र आईची पहिल्या घरची मुलगी. पण तिला ते ठाऊक नाही. आणि तिला जे स्थळ सांगून आलंय ना, ते ह्याच्याच धाकट्या भावाचं."

"आयो बोंज्ये! देवा रे!" आजी ताठ बसली.

"मग हा सांगत का नाही तिला?" कुसुमावतीने विचारलं. ती आता पडद्याकडे बघत होती.

"कसं सांगेल, आई? सांगितलं तर सावत्र आईचं पहिलं लग्न उघडं पडतं. मागच्या खेपेला मी घाबरले म्हणून सगळं उलटंपालटं सांगितलं. तो राहतो म्हणाला ना, ते पहारा द्यायला."

"बघ! मी म्हटलंच होतं," आजी म्हणाली. तिने असं काही म्हटलेलं नव्हतं.

आणि मग रीता सुटली. चंद्रमोहन थक्क होऊन ऐकत राहिला. त्याचं खोटं नेहमी पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटल्यावर चार शब्द उरायचं. हिचं खोटं बरोबर ओठांवर बसत होतं. पडद्यावर दार वाजायच्या आधी ती म्हणायची, आता दार वाजेल, मेहुणा असेल. आणि दार वाजायचं, आणि कोट झटकत मेहुणाच आत यायचा. कुठे थांबायचं ते तिला ठाऊक होतं. ऐन जागी थांबून ती चहाचा घोट घ्यायची आणि चटयांवरच्या सगळ्या बायका श्वास धरून तो घोट तिच्या घशाखाली उतरताना बघायच्या. कुसुमावतीचा हात कधी सुनेच्या खांद्यावर जाऊन बसला, ते कुसुमावतीलाही कळलं नाही.

"आता बघा," रीता आवाज खाली आणून म्हणाली, "ही फुलाजीची मावशी. पेल्यात विष हिनेच घातलंय."

"शक्य नाही!" मागून गर्जना झाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चंद्रमोहन उभा होता, मफलर एका खांद्यावर लोंबत होता. "मावशी तसली नाही! मी ओळखतो तिला! तिचा तर आज उपास आहे, ती पेल्याला शिवणारसुद्धा नाही!"

"दादा, तुझा घसा?" कुसुमावती म्हणाली.

"घसा मरू दे! मावशीने त्याला लहानाचा मोठा केलाय. ती विष घालेल?"

"मामा," रीता अदबीने म्हणाली, "ती आत्ताच तसं म्हणाली. फ्रेंचमध्ये."

"तसं म्हणालीच नाही ती!"

"गप बस रे चंदू," सत्यवतीआजी करवादली. "तुला येते का फ्रेंच? तूच सांगितलंस ना गेल्या गुरुवारी, येत नाही म्हणून? चार माणसांत उभं राहून सांगितलंस. आता मधे मधे लुडबुडू नको, ऐकू दे."

बायकांनी माना डोलावल्या. हो हो, सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडाने.

चंद्रमोहनने चंपाकडे पाहिलं. चंपा गातो पिमां खात होती, आणि तिच्या चेहऱ्यावर गणपती विसर्जनाहून परतलेल्या माणसाचं समाधान होतं. तिने हात धरून त्याला खाली ओढलं.

तो बसला. थोडा वेळ रुसून भिंतीकडे तोंड करून बसला. पण पडद्यावर मावशी जिन्यावरून उतरत होती, रीताने पुन्हा चहाचा कप उचलला होता, आणि पेला अजून टेबलावरच होता. चंद्रमोहन चटईवरून हळूहळू पुढे सरकला, दोन बायकांच्या मधून वाट काढत, जिथून नीट ऐकू येईल तिथपर्यंत.